‘चीटर’ आधी सरकारी नोकर होता

प्रश्न : आमच्या चाळीत भिशीवरून भांडण झालं आणि भिशी चालवणाऱ्या बाईंना कुणीतरी ‘चीटर’ म्हणालं. त्यावर एका जाणत्या गृहस्थांनी सांगितलं, की हा शब्द आपल्याच ‘चिठ्ठी’वरून इंग्रजीत गेला, चिट फंडात लोक बुडाले म्हणून ‘चीट’ म्हणजे फसवणं. हे खरं आहे का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : नाही. ‘चिट’ आपला आहे, ‘चीट’ आपला नाही. दोघांची गाठ पडते ती फक्त कानात.

आधी आपल्या शब्दाचं पाहू. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी इथल्या वखारींत ‘चिठ्ठी’ ऐकली आणि ‘चिटी’ म्हणून उचलली. १७व्या शतकाच्या अखेरीस ती इंग्रजी लिखाणात दिसते. पुढच्या शतकात शेपूट गळून नुसती ‘चिट’ उरते. साहेबाकडे पाठवायची चिट आणि चिट फंडातली चिट या दोन्ही त्याच घरातल्या. चिठ्ठ्या टाकून नंबर काढायचे, म्हणून ते नाव.

‘चीट’ मात्र इंग्रजीत १५व्या शतकाच्या मध्यापासून सापडतो. तेव्हा त्याचा अर्थ होता जप्त करणं. १५८०च्या दशकापर्यंत तो ‘अन्यायानं हिरावून घेणं’ इथवर पोचला होता. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ३१ डिसेंबर १६०० रोजी आणि मुंबई बेट तिच्या हाती आलं १६६८ मध्ये. म्हणजे कंपनीचा पहिला नोकर चिठ्ठी हातात धरण्याच्या कितीतरी आधी लंडनची माणसं एकमेकांना चीट करत होती. शब्दाचं मूळ सांगणारा कुणी भेटला, की त्याला पहिल्यांदा तारीख विचारावी. मग ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब मागावा, म्हणजे ‘चिट’मधली इ दीर्घ कशी झाली ते. आणि शेवटी अर्थ एका पायरीवरून दुसरीवर कसा गेला, ते कागदावर दाखवायला सांगावं. चिठ्ठीची गोष्ट पहिल्याच प्रश्नाला अडते.

मग ‘चीट’ आला कुठून? बेवारस जमीन सरकारजमा होण्यातून.

लॅटिनमध्ये ‘कादेरे’ म्हणजे पडणं. त्याला ‘एक्स’ लागून जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेट’सारखा शब्द झाला. अर्थ : वाट्याला पडलेलं. आपण ‘पदरात पडलं’ म्हणतो तसंच. त्याच ‘कादेरे’चा दुसरा वंशज म्हणजे ‘चान्स’. फासे पडतील तसं. चीट आणि चान्स ही अशी लांबची भावंडं आहेत.

इंग्लंडात सगळी जमीन शेवटी राजाची, आणि बाकीचे ती कुणाकडून तरी चाकरीच्या बदल्यात धरणारे. धारक वारसाविना मेला किंवा मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरला, तर जमीन ज्याच्याकडून धरली त्याच्याकडे परत पडे. हे परत पडणं म्हणजे ‘एस्चीट’, आणि राजाच्या वतीनं ते पाहणारा अधिकारी ‘एस्चीटर’. कामाची रीत ठरलेली होती. थेट राजाकडून जमीन धरणारा मेला, की दप्तरातून त्या परगण्याच्या एस्चीटरला हुकूम निघे. तो जमीन ताब्यात घेई, गावातले जाणते लोक शपथेवर बसवी आणि विचारी : मयताकडे कोणती जमीन होती, ती कुणाकडून आणि कोणत्या चाकरीवर धरली होती, वर्षाचं उत्पन्न किती, मृत्यूचा दिवस कोणता, जवळचा वारस कोण आणि त्याचं वय काय. गावच्या चावडीवर वारसनोंदीचा पंचनामा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे प्रश्न ओळखीचे वाटतील.

घोळ होता तो क्रमात. जमीन आधी ताब्यात, चौकशी मागून. खरा वारस दारात उभा असला तरी ‘मी वारस आहे’ हे त्यालाच दाखवून द्यावं लागे, आणि तोवर शेतातलं पीक साहेबाच्या हाती. वारस अज्ञान असला तर तो वयात येईपर्यंत जमीन राजाच्या देखरेखीखाली राही. उत्पन्न कमी लिहायचं की जास्त, वारसाचं वय किती धरायचं, हे सगळं ज्याच्या लेखणीत आहे, त्याची लोकांत पत काय राहणार! १४व्या शतकात ‘एस्चीटर’ बोलण्यात ‘चीटर’ झाला, तेव्हा ते हुद्द्याचं नाव होतं. १५३०च्या दशकात तेच नाव जुगारात हातचलाखी करणाऱ्याला लागलेलं दिसतं. शब्द घडवला तो फसवणाऱ्यानं नव्हे, ज्याची जमीन गेली त्यानं. १६००च्या आसपास दोन्ही अर्थ एकदमच जिवंत होते : शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ दोन श्रीमंत बायकांबद्दल म्हणतो, की मी त्यांचा चीटर होईन आणि त्या माझा खजिना होतील. प्रेक्षक हसले असतील ते दोन्ही अर्थ ठाऊक होते म्हणूनच.

सुरुवातीचा ‘एस’ कुठे गेला, हाही प्रश्न येतो. इंग्रजी जिभेनं शब्दांची सुरुवात अशी पुष्कळदा गाळली : एस्क्वायरचा स्क्वायर, एस्टेटचा स्टेट. आपली जीभ उलटं करते. स्टेशनचं इस्टेशन, स्टुलाचं इस्टूल, स्कूलचं इस्कूल. जुन्या फ्रेंच लोकांनीही लॅटिन ‘स्कोला’चं ‘एस्कोल’ असंच केलं होतं. दादरला ‘इस्टेशन’ म्हणणाऱ्याला हसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

अधिकाऱ्यापासून जुगाऱ्यापर्यंतच्या वाटेत एक वळण आहे आणि त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. १६व्या शतकातल्या लंडनच्या चोरांच्या गुप्त बोलीत ‘चीट’ म्हणजे नुसती ‘वस्तू’. गुरगुरणारी चीट म्हणजे डुक्कर, कलकलणारी चीट म्हणजे कोंबडी, अंगाईची चीट म्हणजे तान्हं मूल. काहींच्या मते ही चीट वेगळ्या मुळाची. काहींच्या मते ‘पदरात पडलेला माल’ हाच तिचा अर्थ. आम्हाला दुसरं मत पटतं, कारण त्याच लोकांत लबाड फाशांच्या धंद्याला ‘चीटिंग’ म्हणत.

तो धंदा कसा चाले, याचं वर्णन १५५२च्या एका इंग्रजी पुस्तिकेत आहे आणि ते जवळून पाहण्यासारखं आहे. घन फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ असते. म्हणजे ३ आणि ४ एकमेकांसमोर येतात. लबाड कारागीर फासा या ३-४च्या दिशेनं अगदी किंचित लांब ठेवी. डोळ्याला तो चौरसच दिसे. पण लांब झालेला फासा आडवा पडतो, टोकांवर उभा राहत नाही, त्यामुळे ३ आणि ४ क्वचितच वर येतात. हे फासे ज्या खेळात वापरत, त्यात ५ आणि ९ या दोन दानांवर हार-जीत ठरे. आता ५ कसे पडतात? १ आणि ४, किंवा २ आणि ३. नऊ कसे? ४ आणि ५, किंवा ३ आणि ६. एकही जोडी ३ किंवा ४ शिवाय बनत नाही. सरळ फाशांवर ३६ पैकी ८ वेळा पडणारी दानं या फाशांवर जवळजवळ पडतच नाहीत, आणि हे ज्याला ठाऊक तो पैज कुठल्या बाजूनं लावायची ते ठरवूनच बसतो. दुसरा प्रकार म्हणजे पोटात शिसं किंवा पारा भरलेला फासा. तो पाण्यात सोडला तर दर वेळी जड बाजू खाली घेऊन फिरतो आणि पकडला जातो. लांब फासा पाण्यात सापडत नाही, त्याला मापच लावावं लागतं.

राहता राहिली भिशी. नोंदणीकृत चिट फंड कायदेशीर आहे. १९८२चा कायदा त्यासाठीच आहे. बंदी आहे ती बक्षीस-चिट आणि साखळी योजनांवर, १९७८च्या कायद्यानं. हिशेब असा : २० जण, दरमहा ५,००० रुपये, म्हणजे महिन्याची रक्कम १ लाख. लिलावात एकानं ८०,०००वर उचलली, तर सुटले २०,०००. चालवणाऱ्याचं कमिशन २०१९पासून जास्तीत जास्त ७ टक्के, म्हणजे ७,०००. उरलेले १३,००० वीस जणांत, प्रत्येकी ६५०. त्या महिन्याचा हप्ता ४,३५० झाला. हा हिशेब चुकत नाही. भिशी बुडते ती लवकर उचलणाऱ्यानं पुढचे हप्ते थांबवले म्हणजे, आणि त्याच्याकडून जामीन घेतलेला नसला म्हणजे. तुमच्या चाळीतल्या बाईंना काही म्हणण्याआधी हप्ते कुणी थांबवले ते वहीत पाहा.

प्रश्न : आमच्या मजल्यावरचे एक आजोबा वारले. लग्न केलेलं नव्हतं, मूलबाळ नाही. शेजारी म्हणतात खोली आता सरकारजमा होणार. खरंच असं होतं का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : वरच्या उत्तरातला ‘एस्चीट’ आपल्या कायद्यात अजून आहे. संविधानाचा अनुच्छेद २९६ आणि हिंदू वारसा कायदा, १९५६ यातलं कलम २९ त्याबद्दलच आहेत. पण तिथवर गोष्ट सहसा पोचत नाही.

आधी खोली कसली ते पाहा. पागडीची असेल, तर आजोबा मालक नव्हते, भाडेकरू होते. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरूपण मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातं. तसं कुणी नसेल तर वारसाकडे, आणि एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं.

मालकीची असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर पहिल्या वर्गातले वारस : पत्नी, मुलं, आई. ते नसतील तर दुसरा वर्ग : वडील, मग भाऊ-बहिणी, पुढे पुतणे-भाचे. तेही नसतील तर केवळ पुरुषांच्या नात्यानं जोडलेले लांबचे नातलग, आणि मग मधे स्त्री असलेल्या नात्यातले. या शेवटच्या दोन गटांना पिढ्यांची मर्यादा नाही. कोकणातल्या घराण्यात पाच पिढ्यांवरचा भाऊबंद निघाला तरी तो वारस. यातलं कुणीच नसेल तर सरकार, आणि सरकारसुद्धा आजोबांचं देणं फेडण्याच्या जबाबदारीसकट.

वारस नाही हे जिल्हाधिकारी स्वतःच्या सहीनं ठरवून मोकळे होऊ शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१७मध्ये हरिद्वारच्या एका मालमत्तेबाबत हेच सांगितलं : वारस नाहीत हे न्यायालयात सिद्ध व्हायला हवं आणि ते सिद्ध करण्याचा भार सरकारवर. इंग्लंडच्या एस्चीटरला जे जमत होतं, आधी ताबा आणि मग चौकशी, ते इथे चालत नाही.

सोसायटी असेल तर नामनिर्देशन तपासा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारस ठरेपर्यंत जपून ठेवणारा. नॉमिनी नसेल तर आदर्श उपविधींप्रमाणे दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन हक्क-हरकती मागवायच्या असतात. कुलूप फोडून सामान काढण्याची घाई मात्र कुणी करू नये.

प्रश्न : इंग्रजीत ‘कझन’ म्हणजे चुलत-मावस भावंडं, आणि जुन्या पुस्तकांत ‘कझन’ म्हणजे फसवणं. स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच. हा योगायोग आहे का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : बहुधा योगायोग नाही. ‘फसवणं’ या अर्थाचा शब्द १६व्या शतकाच्या उत्तरार्धात आला. एक तर्क इटालियन ‘कोत्सोने’ या शब्दाकडे जातो, म्हणजे घोडे शिकवणारा आणि विकणारा दलाल. दुसरा तर्क फ्रेंच ‘कुझिने’कडे जातो, आणि त्याला चांगला आधार आहे : १६११च्या एका फ्रेंच-इंग्रजी कोशात त्याचा अर्थ दिला आहे, फायद्यासाठी नातं सांगणं, प्रवासाचा खर्च वाचवायला घरोघरी ‘मी तुमचा भाऊ’ म्हणून उतरणाऱ्यासारखं.

मराठीत आपण ‘मामा बनवला’ म्हणतो. नातं आहेच, पण बाजू बदलली. इंग्रजीत फसवणारा भाऊ होतो, मराठीत फसणारा मामा.

ही युक्ती आज फोनवर चालते. पलीकडचा नाव सांगत नाही. ‘ओळखलं नाहीत का मला?’ एवढंच म्हणतो. आपण संकोचानं एखाद्या भाच्याचं नाव घेतो, आणि त्या क्षणी तो भाचा होतो. मग ‘तुमच्या खात्यावर चुकून पैसे गेलेत, परत पाठवा’ आणि पाठोपाठ बँकेसारखा दिसणारा मेसेज. नाव आपण पुरवायचं नाही, त्याच्याकडून वदवून घ्यायचं. मेसेज पाहायचा नाही, खात्यातली शिल्लक पाहायची. फोन ठेवून भाच्याच्या जतन केलेल्या नंबरवर आपण लावायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं. उशीर होईल तशी रक्कम पुढच्या खात्यांत फुटत जाते आणि अडवता येत नाही.

प्रश्न : ‘स्विंडलर’चा उगम? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : जर्मन. ‘श्विंडेल्न’ म्हणजे भोवळ येणं. डोकं गरगरत असल्यासारख्या मोठमोठ्या योजना सांगणारा तो ‘श्विंडलर’, आणि त्याच्या योजनेत पैसे घालणाऱ्याला पुढे खरी भोवळ. १७६०-७०च्या सुमारास जर्मनीहून लंडनला आलेल्या लोकांबरोबर हा शब्द गेला. ‘स्विंडल करणं’ हे क्रियापद नंतर, ‘स्विंडलर’वरून मागे मोडून केलेलं. जर्मनमध्ये आजही चक्कर आणि फसवणूक या दोन्हींना एकच शब्द आहे.

प्रश्न : ‘भामटा’ आणि ‘ठक’ यांत फरक काय? मुलांच्या गोष्टीत कोणता वापरावा? (एक शिक्षिका, परळ)

उत्तर : ‘ठक’ वापरा. ‘भामटा’ हे एका समाजाचंही नाव आहे. भामटा आणि राजपूत भामटा ही नावं महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. इंग्रजी अमदानीत अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा होता. तो १९५२मध्ये गेला, शब्द मात्र वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत राहिला. तुमच्या वर्गात त्या घरचं मूल बसलेलं असू शकतं. युरोपातही असं झालं आहे : ‘शार्लटन’, म्हणजे भोंदू, हा शब्द इटलीतल्या चेर्रेतो गावच्या लोकांवरून आला. तिथले लोक गावोगाव फिरून औषधं विकत. त्या नावात इटालियन ‘बडबडणं’ मिसळलं आणि गावच्या गाव बदनाम झालं.

‘ठक’ला कुणाची जात चिकटलेली नाही. संस्कृत ‘स्थग’, म्हणजे धूर्त. त्यामागे बहुधा ‘झाकणं’ या अर्थाचा धातू. तसं असेल तर गवताचं छप्पर या अर्थाचा इंग्रजी ‘थॅच’ आणि ‘प्रोटेक्ट’ हे त्याचे दूरचे नातलग. मराठी-हिंदीतून तो इंग्रजीत ‘थग’ झाला, १८३०च्या दशकात इंग्रज अधिकारी स्लीमनच्या ठगांविरुद्धच्या मोहिमेनं गाजला आणि तिकडे मारामारी करणारा गुंड बनला. मराठीतला ठक अजून कुणावर हात उगारत नाही. तो बोलण्यानंच काम भागवतो. मुलांना ‘ठकास महाठक’ सांगा, म्हणजे शब्दाची चवही कळेल.

प्रश्न : कलम ४२० आता राहिलं नाही म्हणतात. मग ‘चारसोबीस’ म्हणायचं की नाही? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : म्हणायला काहीच हरकत नाही. भारतीय दंड संहिता १८६०ची, लागू झाली १ जानेवारी १८६२पासून. एवढ्या वर्षांत आकड्याचा शब्द झाला, आणि तोही बहुतेक वेळा हिंदी रूपात. मराठी माणूससुद्धा ‘चारशे वीस’पेक्षा ‘चारसोबीस’च जास्त म्हणतो.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम ३१८च्या चौथ्या उपकलमात आहे. शिक्षा पूर्वीसारखीच, ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. साध्या फसवणुकीला मात्र पूर्वी १ वर्षापर्यंत कैद होती, ती आता ३ वर्षांपर्यंत झाली. तक्रार देताना फसवणूक कोणत्या तारखेला झाली ते नीट लिहा. ३० जून २०२४पर्यंतच्या कृत्याला अजूनही ४२०च लागतं, तक्रार आज दिली तरी; त्यामुळे एफआयआरच्या प्रतीवर जुनं कलम दिसलं म्हणून ते खोडून मागायला पोलीस ठाण्यात जाऊ नका.